पटावर पंच नको

‘मी संगणकावर खेळ खेळते’ असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई सॉलिटेअरचे पत्ते लावत बसत असतील, नाहीतर रंगीत गोळ्या फोडत असतील. चौऱ्याहत्तराव्या वर्षी निवृत्त शिक्षिकेने आणखी काय करायचं? मग मी सांगते, "नाही हो, मी लढाया खेळते." यावर समोरचा माणूस एकतर हसतो, नाहीतर विषय बदलतो.

म्हणून म्हटलं, एकदा सविस्तरच लिहावं. हा खेळ काय असतो, तो आता संगणकावर कसा खेळतात, आणि तो शिकता शिकता माझं एक मत कसं पक्कं होत गेलं. मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना भांडायची तयारी करता येईल. माझं म्हणणं असं, की मुलांच्या पटावर पंच नको. यंत्राचा तर नकोच नको.

आता पहिल्यापासून.

ज्यांनी लहानपणी दिवाळीत किल्ला केलाय, त्यांना हा खेळ निम्मा आधीच येतो. दगड-विटा रचायच्या, त्यावर पोतं टाकून चिखल थापायचा, अळीव पेरायचे, आणि ते उगवले की बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागोजागी उभे करायचे. बुरुजावर एक, दरवाज्यावर दोन, आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. आपला खेळ तिथे संपतो. शत्रू काही येत नाही! युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी पुढची पायरी गाठली. टेबलाच्या एका बाजूला तुमचं सैन्य, दुसऱ्या बाजूला माझं. मूर्ती बोटाच्या पेराएवढ्या, हाताने रंगवलेल्या. मध्ये टेकड्या, झाडी, एखादा ओढा. हातात मोजपट्टी, फासे आणि नियमांचं पुस्तक. याला मिनिएचर वॉरगेम म्हणतात.

बुद्धिबळापेक्षा हा खेळ एका बाबतीत अगदी वेगळा आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या एका बाबीवर उभा आहे. या पटावर घरं नसतात. बुद्धिबळात घोडा कुठल्या घरात आहे याबद्दल वाद होऊच शकत नाही. इथे टेबल मोकळं. माझे घोडेस्वार तुमच्या पायदळापर्यंत पोचतात की केसभर कमी पडतात, झाडीआडचा तिरंदाज दिसतो की दिसत नाही, हे दर वेळी ठरवावं लागतं. म्हणजे भांडणाला भरपूर वाव. त्यामुळे ‘ठरवायचं कोणी?’ हा प्रश्न या खेळाच्या जन्मापासून त्याच्या मागे लागलेला आहे.

जन्म प्रशियातला. रायस्वित्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२ साली तिथल्या राजाला युद्धखेळाचं एक टेबल करून दिलं. त्यांचा मुलगा सैन्यात तोफखान्याचा अधिकारी होता. त्याने वडिलांचा खेळ सुधारून १८२४ साली नियम छापले. नकाशा १:८००० प्रमाणाचा. एक पाळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. एका बाजूचे ठोकळे लाल, दुसऱ्या बाजूचे निळे. खेळणाऱ्या अधिकाऱ्यांनी हुकूम द्यायचे. ठोकळे हलवायचे आणि निकाल सांगायचा तो पंचाने. प्रशियाच्या सैन्यात ही करमणूक नव्हती, शिक्षण होतं. पुढे १८७६ साली फॉन व्हेर्दी नावाच्या सेनाधिकाऱ्याने तर म्हटलं, की एवढे नियम आणि फासे हवेत कशाला, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. म्हणजे पंच आणखी मोठा झाला.

सैन्यातून हा खेळ घरात आणणाऱ्यांतलं एक मोठं नाव म्हणजे एच. जी. वेल्स. हो, तेच, कालयंत्राची कादंबरी लिहिणारे. त्यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक काढलं. त्याच्या उपशीर्षकात हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलांसाठी असल्याचं म्हटलंय, आणि मुलींपैकी जरा जास्त हुशार मुलींनाच त्यात जागा दिलीय! (दीडशेच्या हिशेबाने मी अजून निम्म्यावरही आलेले नाही, हा आनंद आहेच.) वेल्सच्या खेळात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून खरोखरच लाकडी काडी उडायची. सैनिक पडला तर मेला, उभा राहिला तर जगला. घरात लष्करी पंच कुठून आणणार? दोन मित्र, जमीन आणि काडी.

त्यानंतरच्या हौशी खेळाडूंनी पंच जवळजवळ सोडूनच दिला. दोघंच असतात, दोघांनाही खेळायचं असतं, म्हणून दोघांनाच न्यायही करावा लागतो.

मग आला संगणक. संगणकावरच्या खेळात यंत्र हाच नियम. चुकीची खेळी तिथे होतच नाही, कळ दाबलीत तरी सैनिक हलणार नाही. प्रशियाच्या पंचापेक्षा हा पंच कडक, आणि न दमणारा. आपण ‘मुलं स्क्रीनवर खेळतात’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच खेळ आपल्या मनात असतात.

पण गंमत बघा, मी जे शिकले ते यातलं नाहीच. त्याला व्हर्च्युअल टेबलटॉप म्हणतात, म्हणजे पडद्यावरचं नुसतं टेबल. पुष्कळ वर्षांपासून व्हासल नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, अजूनही फुकट मिळतं. त्यात पट वरून पाहायचा, सोंगट्या चपट्या. त्यातली खेळी एका फाइलीत साठवून समोरच्याला ईमेलनेही पाठवता येते. पूर्वी लोक पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचे, तसंच. दुसरं म्हणजे टेबलटॉप सिम्युलेटर, हे २०१५ सालचं. विकत घ्यावं लागतं, पण एकदाच. मी खेळते ते यावर. यात टेबल खऱ्यासारखं उभं-आडवं दिसतं, मूर्तींना वजन असतं, फासे गडगडतात. २०२० साली घराबाहेर पडणं बंद झालं तेव्हा कितीतरी खेळाडू खऱ्या टेबलावरून अशा टेबलांवर आले.

महत्त्वाचं असं, की हे यंत्र तुम्हाला टेबल देतं, मूर्ती देतं, मोजायची रेघ देतं, फासे देतं आणि गप्प बसतं. तुम्ही घोडेस्वार दुप्पट अंतर नेलेत तर ते हूं की चूं करत नाही. शत्रूची तुकडी उचलून खिशात घातलीत तरी नाही! एवढंच काय, रागावून अख्खं टेबल उलटून टाकायचीही सोय आहे.

माझा मुलगा आठ वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंग्लंडात गेला, नॉटिंगहॅमला. तेव्हा नातू सहा वर्षांचा होता, आता चौदाचा आहे. नॉटिंगहॅम म्हणजे या खेळाची पंढरीच म्हणायची. १९८३ साली निघालेला वॉरहॅमर हा प्रसिद्ध खेळ ज्या गेम्स वर्कशॉपचा, तिचं मुख्यालय तिथेच आहे. तेव्हा नातवाला हा नाद लागला यात नवल नाही. नवल मला लागला त्याचं.

परदेशात नातवंडं असणाऱ्यांना व्हिडिओ कॉल कसा असतो ते सांगायला नको. "जेवलास का?" "हो." "शाळा काय म्हणते?" "गुड." "थंडी आहे का रे?" "हो." मग दोघंही एकमेकांच्या कपाळाकडे बघत बसतो, आणि तो फोन आईकडे देतो. प्रेम कमी असतं असं नाही. पण करायला काही नसलं की माणसं बोलणार तरी काय? शेजारी बसून शेंगा सोलताना गप्पा आपोआप होतात. नुसतं समोरासमोर बसवून ‘बोला’ म्हटलं की दोघं मुके. त्याचं मराठी वर्षागणिक आक्रसत चाललंय हे मला ऐकू येत होतं. आणि दर रविवारी ‘बोल की रे आजीशी’ म्हणून त्याला दटावणं मला मंजूर नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यानेच विचारलं, "आजी, तू खेळशील?"

त्याने माझ्यासाठी खेळ निवडला तो लहान. नाव लॅटिन, ‘दे बेलिस अँटिक्विटाटिस’, म्हणजे प्राचीन काळच्या लढायांविषयी. सगळे डी.बी.ए. म्हणतात. फिल बार्कर हे त्याचे मुख्य कर्ते, पहिली आवृत्ती १९९० ची. प्रत्येकाच्या फक्त बारा तुकड्या, टेबल सुमारे दोन फुटी चौरस, आणि डाव साधारण तासाभरात आटोपतो. त्याने घेतला सिकंदर आणि मला दिलं प्राचीन भारतीय सैन्य. हत्ती, रथ, घोडदळ, धनुर्धारी. चतुरंग सेना! मी तेहतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, त्यामुळे बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

शिकायला किती दिवस लागले? खेळ शिकायला चार रविवार. टेबलाकडे बघायला शिकण्यात मात्र पंधरवडा गेला. माउसचं उजवं बटण दाबून धरलं की नजर फिरते. जरा जास्त फिरली की आपण टेबलाच्या खाली जातो, आणि हत्तींची पोटं दिसायला लागतात. डाव्या बटणाने मूर्ती उचलायची. उचलून आणताना वाटेतल्या मूर्तींना धक्का लागला की त्या पडतात, कारण वजन खरं आहे. टेकड्या आधी एका कळीने जागच्या जागी खिळवून ठेवायच्या, नाहीतर त्याही सरकतात. फाशावर माउस नेऊन ‘आर’ दाबलं की फासा उडतो. माझी जागा लाल रंगाची, त्याची निळी. त्याचा निळा बाण टेबलावर फिरताना मला दिसतो. तो कुठे घुटमळतोय, कशाचा विचार करतोय, हे त्या बाणावरून कळतं. पाच हजार मैलांच्या आसपास लांब असलेल्या पोराचा हात आपल्या टेबलावर असा दिसणं, हे मला तरी अजून अंगवळणी पडलेलं नाही. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही बोलतो. इथे संध्याकाळचे सात, तिथे उन्हाळ्यात दुपारचे अडीच.

आणि काय बोलतो? सगळं. कारण यंत्र गप्प बसतं!

या खेळाडूंचा एक चांगला शिरस्ता आहे. नुसती मूर्ती हलवायची नाही. आधी हेतू सांगायचा. "मी ही तुकडी अशी ठेवतोय, की तुझे रथ एका पाळीत इथवर पोचू नयेत. मान्य?" समोरच्याने मोजून बघायचं आणि म्हणायचं, "मान्य." मग मूर्ती जरा इकडे-तिकडे सरकली, हात थरथरला, तरी वाद नाही, कारण हेतू आधीच ठरलेला आहे. नातवाच्या मराठीत पहिल्यांदा परत आला तो हाच शब्द. मान्य. मग ‘अमान्य’ आला. मग ‘थांब, मोजू दे’, ‘एवढं कसं चालेल’, ‘आधी तू म्हणालीस’, ‘बरं, एक बोट मागे घे’. वाद घालायला भाषा लागते, आणि नुसत्या ‘हो’, ‘गुड’ने भागत नाही. खुशालीच्या चौकशीने जे झालं नाही ते हत्तीच्या अंतराने केलं.

एकदा त्याचे हलके भालाफेके झाडीतून माझ्या हत्तीवर येत होते. हे भालाफेके एरवी दुबळे, पण हत्तीला नेमके तेच भारी. ते कोपऱ्यातून हत्तीच्या अंगाला भिडू शकतात का, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. नियमाचं वाक्य काढलं. बार्कर यांची इंग्रजी वाक्यरचना खेळाडूंत प्रसिद्ध आहे. कमी शब्दांत सगळं बसवायचं म्हणून एकेक वाक्य नारळासारखं घट्ट. मी म्हटलं, थांब, आपण वाक्यपृथक्करण करू. मुख्य वाक्य कुठलं, गौण कुठलं, ‘जर’ कुठे संपतो, ‘तर’ कुठे लागतो. चाळीस वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात फळ्यावर करायचे, ते फोनवर केलं. नियम त्याच्या बाजूने निघाला. माझा हत्ती गेला. पण वीस मिनिटं चौदा वर्षांचा मुलगा एक वाक्य फोडत आजीशी बोलत होता. हत्ती स्वस्तात गेला.

आता वादाच्या मुद्द्याकडे येते.

या सॉफ्टवेअरमध्ये पटावर छोटे प्रोग्रॅम बसवता येतात. लुआ नावाची भाषा आहे, तिच्यात लिहितात. काही पट असे तयार मिळतात, की अंतर तेच मोजतात, फाशाची बेरीज तेच करतात आणि निकालही तेच सांगतात. नातू म्हणाला, "आजी, आपण असा पट घेऊ, आणि नियमाबाहेर मूर्ती हललीच नाही पाहिजे असंही त्यात करू. मग भांडणच नाही."

मी नको म्हटलं. बेरीज करू दे हवं तर. माझे डोळे थकतात, तेव्हा आकडा मोठ्या अक्षरांत दिसला तर हवाच आहे. पण अडवणारा पंच नको.

कारण सांगते. मध्यंतरी एका डावात मी चहाचा कप ठेवायला उठले होते. परत आले तर नातू म्हणाला, "आजी, थांब. मी मघाशी घोडेस्वार जास्त पुढे नेले होते. मागे घेतो." मला कळलेलं नव्हतं, कळलंही नसतं. त्या चालीने तो जिंकत होता. त्याने तुकडी मागे घेतली आणि पुढे तो डाव हरला. आता अडवणाऱ्या पटावर हे झालं असतं का? यंत्राने घोडेस्वार जागच्या जागी थांबवले असते, झालं. चूक झाली नसती हे खरं. पण ती दुरुस्त करायची संधीही त्याला मिळाली नसती. प्रामाणिकपणा दाखवायला आधी अप्रामाणिक होता येईल एवढी मोकळी जागा लागते, आणि ती जागाच यंत्र बुजवून टाकतं.

हे मी शाळेत पाहिलंय. बोर्डाच्या परीक्षेला भरारी पथकं यायची, अजूनही येतात. ती हवीत, नाही म्हणत नाही. लाखो मुलांच्या गुणांचा प्रश्न असतो. पण पथक आल्याने कॉपी थांबते, एवढंच. पथक गेल्यावर काय, याचं उत्तर पथकाकडे नसतं. मी आठवीच्या घटक चाचणीचे पेपर पुष्कळदा मुलांनाच एकमेकांचे तपासायला द्यायचे. उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची आणि खुर्चीत बसून राहायचं. सुरुवातीला गोंधळ. मग हात वर यायचे. "बाई, याने सन बरोबर लिहिलंय पण नाव अर्धंच लिहिलंय, अर्धा गुण द्यायचा का?" मी विचारायचे, "तुला काय वाटतं?" अर्ध्या गुणासाठी दोन पोरं धडा पुन्हा उघडून वाचायची. एका मुलीने तर स्वतःचा गुण कमी करून मागितला होता. लाल पेनाने मी तपासलेल्या पेपरावर असं कधी झालं नाही. तिथे गुण बाईंचे असतात. इथे ते मुलांचे होते.

माझे एक जुने सहकारी आहेत, गणिताचे. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी तीन आक्षेप घेतले. ते तिन्ही दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

पहिला, मुलांना लढाया कशाला खेळायला द्यायच्या? मी त्यांना वेल्सचंच उदाहरण दिलं. ‘लिटल वॉर्स’ निघालं १९१३ साली, आणि दुसऱ्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्या पुस्तकाच्या शेवटी वेल्स सांगतात ते असं, की हा खेळ तीन-चार वेळा खेळून पाहा म्हणजे खरं युद्ध किती गोंधळाची आणि ठोकरत जाणारी गोष्ट असेल ते कळेल. मला ते पटतं. इसवी सनपूर्व ३२६ मधली झेलमकाठची लढाई मी वर्षानुवर्षं अर्ध्या पानात शिकवली. पोरस शूर होता, पोरस हरला. पटावर बसल्यावर नातवाने विचारलं, "पण का हरला?" मग आम्ही शोधलं. पावसाने चिखल झालेला, जड रथ त्यात रुतलेले, जखमी हत्ती वळून आपल्याच माणसांना तुडवत सुटलेले. हत्ती किती होते? एरियन दोनशे सांगतो, कर्टियस पंच्याऐंशी. लढाई पूर्वी पुस्तकातली एक ओळ होती, आता त्या चिखलाची भीती वाटते. युद्धाची हौस वाढली असं मला तरी दिसलं नाही.

दुसरा आक्षेप फाशांचा. फासे म्हटलं की आपल्याला शकुनी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण द्यूतात फाशावर राज्य लावलेलं असतं. इथे फासा फक्त एवढंच सांगतो, की सेनापतीचं सगळं ऐकलं जात नाही. फाशाने चालणारा पट आपल्याकडे नवा नाही. अल्बेरुनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानातल्या चौघांच्या, फाशांवर खेळायच्या बुद्धिबळाचं वर्णन केलंय. डी.बी.ए.त दर पाळीला एक फासा टाकायचा, आणि जेवढा आकडा पडेल तेवढ्याच चाली. तुकड्या बारा, आणि फाशात पडले दोन! ज्यांनी शाळा चालवलीय त्यांना हे समजावून सांगायला नको. रोज सकाळी बारा वर्ग आणि हातात दोन शिक्षक, हा फासा मी पुष्कळ टाकलाय.

तिसरा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे. ते म्हणाले, हे खरं टेबल नव्हे. बरोबर आहे. नातवाने मागच्या खेपेला येताना एक हत्ती आणला, त्याने स्वतः रंगवलेला, सगळा मिळून अंगठ्याएवढा. माहुताच्या पागोट्याला लाल रंग, त्यावर केसासारखी पिवळी रेघ. ती रेघ काढायला त्याला किती वेळ श्वास धरावा लागला असेल! पडद्यावरच्या हत्तीला ते नाही. तो क्षणात येतो, क्षणात जातो. दुकानातून मूर्ती विकत घेऊन, रंगवून सैन्य उभं करणं ज्यांना परवडतं आणि ज्यांच्या शेजारी खेळायला कोणी आहे, त्यांनी खरं टेबलच मांडावं. पडद्यावरचं टेबल आमच्यासारख्यांसाठी आहे, ज्यांच्यामध्ये समुद्र आहे.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. पडद्यावरच्या टेबलावर लोक मूर्ती चढवतात, त्यातल्या काही मूळ कलाकाराला न विचारता नक्कल केलेल्या असतात. यंत्र त्यालाही अडवत नाही. आम्ही दोघांनी बोलून ठरवलं, की करणाऱ्याने स्वतःहून दिलेल्या मूर्तीच वापरायच्या, नाहीतर साधे रंगीत ठोकळे. काही डाव आम्ही लाल-निळ्या ठोकळ्यांनीच खेळलो, प्रशियातल्यासारखे. हाही नियम कुणी लावलेला नाही. आमचा आम्ही लावलाय, म्हणूनच तो पाळला जातो असं मला वाटतं.

आता माझ्या मताच्या मर्यादा. अनोळखी लोकांत बक्षिसाचा सामना असेल तर पंच हवा. दोन मुलं दर डावाला हातघाईवर येत असतील तर मोठ्या माणसाने जवळ बसावं, पण निकाल न देता. फक्त विचारावं, "तुम्हा दोघांना काय वाटतं?" आणि समोरचा सारखीच लबाडी करत असेल तर? तर त्याच्याशी खेळू नये. ही शिक्षा फार मोठी आहे, कुठल्याही यंत्राच्या शिक्षेपेक्षा. पट मांडून समोर कोणीच नसणं.

हल्ली प्रत्येक गोष्टीत यंत्राला पंच करायची घाई चाललीय. कोण बरोबर, कोण चूक, शब्द शुद्ध की अशुद्ध, उत्तर खरं की खोटं, सगळं त्याने सांगावं आणि आपण मोकळं व्हावं. मोठ्यांचं एक वेळ ठीक आहे. पण मुलांच्या हातून ‘हे बरोबर आहे का रे?’ असं दुसऱ्या माणसाला विचारण्याची सवय गेली, तर ती पुन्हा कुठल्या इयत्तेत शिकवणार?

असो. तुमचं नातवंड लांब असेल तर करून बघा. बरा लॅपटॉप, चाकाचा माउस, आणि पंधरा दिवस टेबलाखाली जायची तयारी, एवढं भांडवल पुरतं. लढाई नको असेल तर दुसरा कुठलाही पट घ्या, त्या सॉफ्टवेअरांत पुष्कळ आहेत. फक्त निवडताना एवढं बघा, की त्यात यंत्राला कमीत कमी कळतं आणि तुम्हा दोघांना एकमेकांना जास्तीत जास्त विचारावं लागतं.

मान्य? नसेल तर कळवा. वाद घालायला मला आता चांगलाच सराव झालाय.